इन केलेला शर्ट आणि स्कूटीवरची साडी

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र शासनानं आपल्या माणसांच्या कपाटात दोनदा डोकावून पाहिलं. पहिल्यांदा ८ डिसेंबर २०२० रोजी. सामान्य प्रशासन विभागाच्या परिपत्रकानं सांगितलं की मंत्रालयापासून खालपर्यंत कुठल्याही कार्यालयात जीन्स-टी-शर्ट चालणार नाहीत, पायात स्लीपर चालणार नाही, गडद रंगाचे नि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, आणि शुक्रवारी खादी घालावी. कारण दिलं होतं शासनाच्या प्रतिमेचं आणि बोट रोखलं होतं मुख्यतः कंत्राटी कर्मचारी व सल्लागारांवर. जीन्सची बंदी पुढच्याच वर्षी सैल झाली. मग १५ मार्च २०२४ रोजी शालेय शिक्षण विभाग शिक्षकांच्या कपाटापाशी आला आणि जीन्स पुन्हा बाहेर गेली. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट, आणि शर्ट इन केलेला. शिवाय डॉक्टर जसे ‘डॉ.’ लावतात तसं शिक्षकांनी नावाआधी ‘टि’ लावायचं. दुसऱ्याच दिवशी लोकसभेची आचारसंहिता लागली. शिक्षकांना निवडणुकीचं काम आलं आणि कपड्यांचा विषय मागे पडला.

भंडारा शहरातल्या एका घरात मात्र तो मागे पडला नाही. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गाव अजून त्यांना गुरुजीच म्हणतं. सून तशाच एका शाळेत शिकवते, मोहाडी तालुक्यात. तिला मुलं मॅडम म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे बसलो असताना हा वाद ऐकला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, तेव्हा वादाला वेळ भरपूर होता. दोघांचं बोलणं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं आहे. लिहिताना मी ते थोडं सरळ केलं आहे. तिथे मी गप्प होतो, त्याची भरपाई मधूनमधून इथे करणार आहे.

गुरुजी : मला त्या परिपत्रकात वाईट काही दिसलं नाही. शर्ट इन करा म्हणते. आम्ही जन्मभर केला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ते ‘टि’ मात्र कळलं नाही. गुरुजी होतो, आता टि झालो असतो.

मॅडम : तुम्ही गावातच राहत होता मामाजी. सायकलनं जात होता. मी भंडाऱ्याहून निघते, वरठी ओलांडून मोहाडीच्याही पुढे जाते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांध्यांतला चिखल रस्त्यावर आणून टाकतात. साडीत स्कूटी चालवायची म्हणजे पदर खोचा, निऱ्या गुडघ्याखाली दाबा, आणि ट्रकवाला बाजूनं गेला की देवाचं नाव घ्या.

गुरुजी : सलवार-कुर्ता लिहिलाय ना त्यात.

मॅडम : लिहिलाय ना जी. दुपट्ट्यासकट. दुपट्टा चाकात गेला की काय होते ते लिहिलं नाही. आणि त्या कुर्त्याला खिसा नसतो. शाळेची सगळी माहिती आता फोनवर भरायची. हजेरी, आहार, आधार. फोन हातात, खडू हातात, पोरगं कडेवर.

गुरुजी : म्हणजे खिशासाठी जीन्स पाहिजे?

मॅडम : मला जीन्स नकोच. मे महिन्यात इथे जीन्स घालणारा माणूस मला वेडाच वाटतो. मी एवढंच म्हणते की माझ्या अंगावर काय असावं हे ठरवणाऱ्यानं आधी माझं काम पाहावं. मी पहिलीला शिकवते. अर्धा दिवस जमिनीवर बसलेली असते.

उन्हाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. अशा वेळी पेहरावाचा नियम माणसाच्या अंगापेक्षा मोठा होऊ नये, हे आपल्याकडे एका जुन्या आणि कर्मठ समजल्या जाणाऱ्या व्यवसायानं मान्य केलं आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही. इंग्रजांचा कोट इंग्रजांच्या हवेसाठी होता हे वकिलांना कळायला बराच काळ गेला, पण कळलं. तरीही काही जण भर उन्हात तो कोट हातावर टाकून फिरतात. पक्षकाराला वकील ओळखू यायला हवा, म्हणून. गुरुजींचा मुद्दा याच अंगानं पुढे गेला.

गुरुजी : काम म्हणजे नुसतं हातानं करायचं काम नाही बेटा. पोरांच्या डोळ्यांसमोर उभं राहणं हेही काम आहे. मी १९७५ च्या आगेमागे नोकरीला लागलो. घरी इस्त्री नव्हती. आई पितळेच्या तांब्यात निखारे भरायची आणि त्या तांब्यानं माझा पांढरा सदरा दाबून काढायची. भंडाऱ्याचं पितळ, त्याला काय कमी होतं! तो सदरा घालून मी गावात शिरलो की ज्या ओट्यावर माझ्या आज्याला बसू दिलं नव्हतं तिथले लोक उठून म्हणायचे, या गुरुजी. ते मला म्हणत नव्हते, सदऱ्याला म्हणत होते. मला माहीत होतं. म्हणून तर मी तो रोज घालत होतो.

मॅडम : हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाही.

गुरुजी : विचारलं नाही कोणी. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला माझे आईवडील नागपूरला गेले होते, बौद्ध धम्माच्या दीक्षेला. मी लहान, बाबांच्या खांद्यावर. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आईनं पांढरं लुगडं कुठून आणलं होतं कोण जाणे. आमच्यात पांढरा कपडा असा आलाय. तू त्याला सरकारी म्हणतेस. माझ्यासाठी तो सरकारच्या आधीचा आहे.

इथे मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मीही नाही. भंडाऱ्यात हे बोलणं पोकळ वाटत नाही. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर याच मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. जिल्ह्यात त्यांचे पुतळे आहेत, आणि पुतळ्याच्या अंगावर कोट, टाय आणि खिशाला पेन. ऊन कितीही तापो, तो कोट उतरत नाही.

गुरुजी : गांधीजींनी १९२१ साली मदुरेत अंगरखा टाकला आणि पंचा नेसला. मोठी गोष्ट केली, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना ते परवडत होतं. ज्याला अंगभर नेसूच दिलं नाही त्यानं पंचा नेसून जगाला काय सांगायचं? तो तर आधीपासूनच पंच्यात होता. बाबासाहेबांनी सूट घातला तो थंडी वाजत होती म्हणून नाही.

मॅडम : मान्य. आता माझं ऐका. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायांशी बोलले ते मी दरवर्षी शाळेत सांगते. वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं लुगडं नेसा, ते चांदीचे जड दागिने टाका, ज्यावरून लांबूनच तुमची जात कळते. बायांनी तिथल्या तिथे नेसण बदलली. पण मामाजी, तो नियम तोडायचा सल्ला होता. कोणी काय घालायचं हे गावानं ठरवून दिलं होतं, ते मोडा म्हणाले. आणि तुम्ही त्यांचं उदाहरण मला कशासाठी देता? नियम पाळण्यासाठी.

गुरुजी : मोडल्यावर काय घालायचं हेही त्यांनीच सांगितलं ना? मनाला येईल ते घाला, असं नाही म्हणाले. नीट नेसा म्हणाले.

मॅडम : पण सांगणारा कोण होता? बायांसारखंच सोसलेला माणूस होता. आता सांगते कोण? ज्यानं आमच्या शाळेच्या रस्त्यावर पायही ठेवला नाही तो.

गुरुजी : सांगणारा परका आहे म्हणून सांगितलेलं चूक होते का?

या प्रश्नाचं उत्तर मॅडमनी सरळ दिलं नाही. त्या उठून गुरुजींच्या आईचा फोटो घेऊन आल्या. कपाळावर आडवं कुंकू, नऊवारी लुगडं, कासोटा मारलेला, पोटऱ्या उघड्या.

मॅडम : ह्या माझ्या आजेसासूबाई. सभ्य होत्या ना?

गुरुजी : (हसून) त्यांच्याएवढी सभ्य बाई मी पाहिली नाही.

मॅडम : ह्या कपड्यात त्या आज माझ्या शाळेत आल्या तर मुख्याध्यापक म्हणतील, बाई, पाय झाका. नऊवारी हा कामाचा कपडा होता. बांधीत उतरा, विहिरीवर जा, झाडावर चढा, कुठे अडत नव्हतं. पाचवारी-सहावारी आली तेव्हा म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, ही काय गोल पातळं नेसता म्हणून. मग तीच घरंदाज झाली. मग पंजाबी ड्रेस आला. तुमच्या शाळेत पहिल्यांदा ज्या बाई पंजाबी ड्रेस घालून आल्या, त्यांना तुम्ही काय म्हणालात?

गुरुजी : मी काही म्हणालो नाही. गाव म्हणालं. चार जण तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, पोरांचे पाढे घ्या, मग बोलू. पोरांनी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. गेले परत.

मॅडम : आणि बाईंना?

गुरुजी : त्यांना म्हटलं, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला साडी नेसत जा. त्या हो म्हणाल्या.

मॅडम : म्हणजे तुम्ही शाळेतच मिटवलं. मुंबईला विचारलं नाही.

मला वाटतं सगळ्या वादाची मेख इथे आहे, आणि दोघंही तिच्या इतक्या जवळून जात होते की त्यांना ती दिसत नव्हती. गुरुजी पेहरावाच्या बाजूनं बोलत होते, परिपत्रकाच्या नाही. मॅडम परिपत्रकाविरुद्ध बोलत होत्या, पेहरावाविरुद्ध नाही. इस्त्री केल्याशिवाय त्या स्वतःही घराबाहेर पडत नाहीत. पण वाद रंगात आला की अशा गोष्टी कुणी थांबून मोजत नाही.

गुरुजी : आता दुसरं सांगतो. त्या बंगळुरूच्या कंपन्यांत म्हणे काहीही घालून या.

मॅडम : इन्फोसिसनं २०१५ मध्ये केलं ते. रोज जीन्स-टी-शर्ट चालतात तिथे.

गुरुजी : चालणारच. गळ्यात कंपनीचं कार्ड असते. टी-शर्ट घातला तरी त्याला कोणी चपराशी समजत नाही. आपला पोरगा टी-शर्ट घालून कचेरीत गेला की दारावरचा शिपाई विचारते, कोणाला भेटायचं? शर्ट-पँट घालून गेला की विचारते, बसा साहेब, कोणाकडे आलात? साधं राहण्याची चैन ज्याची इज्जत आधीच ठरलेली आहे त्याची. आपली अजून ठरायची आहे.

मॅडम : बरोबर आहे. पण मग उलटंही बघा. कोणाचा गणवेश किती पक्का असते? अंगणवाडीच्या बाईंची साडी ठरलेली. आशाताईंची ठरलेली. बँकेच्या दारातला वॉचमन मे महिन्यात टाय लावून उभा. जिथे मानधन तिथे गणवेश. जसजसा पगार वाढते तसतसा कपडा मोकळा होते. साहेब हाफ शर्टात येतात, कोणी मोजत नाही. तुम्ही म्हणता नीट कपड्यानं इज्जत मिळते. मी म्हणते, ज्याला इज्जत द्यायची नसते त्याला आपण कपडा नेमून देतो.

गुरुजी : हे जरा जास्त झालं.

मॅडम : झालं असेल. २०२० च्या परिपत्रकात कंत्राटी लोकांवरच बोट होतं ना? ज्याची नोकरी उद्या राहील की नाही ठाऊक नाही, त्याच्या पँटीवर शासनाची प्रतिमा!

खादीच्या शुक्रवाराचा विषय मी काढायचा म्हणत होतो, तो गुरुजींनीच काढला. त्यांना खादी आवडते. मला त्या शुक्रवाराबद्दल वेगळीच तक्रार आहे. टसर रेशीम महाराष्ट्रात पिकतं ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत. इथे त्याला कोसा म्हणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात. ढिवर समाजाची कुटुंबं रानात राहून पाखरांपासून त्यांची राखण करतात. कोश शिजवून धागा काढायचं काम बायांचं. पूर्वी तो मांडीवर घासून काढत. मोहाडी, आंधळगाव, पवनी इथल्या कोष्ट्यांच्या खड्डामागावर त्या धाग्याची करवतकाठी साडी होते. काठाला करवतीसारखे दाते असतात. अंगाचा नि काठाचा रंग एकमेकांत मिसळू नये म्हणून विणकर तीन धोटे फिरवतो. या साडीला भौगोलिक निर्देशांकाचं संरक्षणही मिळालं आहे. मधासारखा तिचा रंग कुठल्याही परिपत्रकाला गडद वाटणार नाही. आणि मॅडमच्या शाळेचा रस्ता त्याच तालुक्यातून जातो, जिथे असे माग एकेक करून बंद पडत आले.

ते का बंद पडले? गुरुजी ज्याला नीट कपडा म्हणतात त्यामुळेही. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आणि टेरिकॉट आलं. इस्त्री मोडत नाही, धुतलं की तासाभरात वाळतं, वर्षानुवर्षं फाटत नाही. तालुक्याच्या शिंप्याकडे शिवलेली टेरिकॉटची पँट हीच मास्तराची, ग्रामसेवकाची, तलाठ्याची ओळख झाली. त्याआधी नागपूरला टाटांच्या एम्प्रेस मिलनं १८७७ पासून विदर्भाला गिरणीच्या कापडाची सवय लावली होतीच. आज ज्याला आपण पारंपरिक सभ्य पेहराव म्हणतो त्यातला निम्मा कारखान्यात जन्मला आणि त्याचं वय माझ्या वडिलांपेक्षा जास्त नाही. हे मी तेव्हा बोललो असतो तर गुरुजींनी मला त्यांचा पांढरा सदरा दाखवला असता, आणि तो सुती निघाला असता. म्हणून गप्प राहिलो.

मॅडम : खादी शुक्रवारी घाला म्हणतात, आणि कोसा कधी घालायचा ते कोणाला सुचत नाही. भंडाऱ्यात बसलेल्या माणसानं परिपत्रक लिहिलं असतं तर सुचलं असतं.

गुरुजी : कोशाची साडी रोज शाळेत? खडू आणि खिचडी?

मॅडम : रोज कोण म्हणते जी? जॅकेट शिवा, ओढणी विणा. पण त्याला पैसे लागतात, आणि ‘शासनाची प्रतिमा’ असं नुसतं लिहायला पैसे लागत नाहीत. पोरांच्या गणवेशाचं काय झालं २०२४ ला? ‘एक राज्य एक गणवेश’. कापड वरून कापून आणायचं, बचतगटांच्या बायांनी शिवायचं. स्वातंत्र्यदिन उलटला तरी राज्यातल्या कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते. जिथे पोचले तिथे कुणाची बाही कोपरावर, कुणाची पँट खाली. शेवटी डिसेंबरात शासनानंच माघार घेतली आणि गणवेश पुन्हा शाळा समितीकडे दिला. ज्या वर्षी आमचा शर्ट इन आहे का बघत होते, त्याच वर्षी पोरं जुन्या शर्टात बसली होती.

गुरुजी : ते चूकच झालं. आणि बघ, सुधारलं कसं? समितीकडे दिलं तेव्हा. मापं गावातल्या शिंप्याला माहीत असतात.

मॅडम : हेच मी कधीची म्हणते आहे.

गुरुजी : तू म्हणत होतीस खिशाचं!

या टप्प्यावर मला आठवलेला एक दाखला इथे जरा लांबवून सांगतो. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या स्फोटात कामगार गेले, त्यानंतर तिचं नाव या गावात हलक्या तोंडानं कोणी घेत नाही. स्फोटकांच्या कामात कपड्याचे नियम कडक असतात. नायलॉनसारखं कापड अंगावर चालत नाही, कारण घर्षणानं त्यात विजेचा भार साठतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सुती कपडे, खास बूट, धातूची वस्तू जवळ नाही. या नियमाला ‘शोभनीय’ हा शब्द लागत नाही. प्रतिमा, संस्कार, आदर्श यांतलं काहीही लागत नाही. कामगाराला कारण माहीत असतं आणि तो नियम पाळतो. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यात भट्टीपाशी किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत हेल्मेट घालणाऱ्याला ते आपल्याला शोभतं का, असं कोणी विचारत नाही. म्हणून मला वाटतं की नियमाचं कारण सांगता येत असेल तर पेहरावाचा वाद बहुतेक होतच नाही. वाद होतो तो जिथे कारण सांगायला संकोच वाटतो तिथे. बाईंच्या दुपट्ट्याचं कारण परिपत्रकात सरळ लिहून दाखवा बघू.

गुरुजींना हे पटलं नसतं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यालाही कारण होतं आणि ते सुरक्षेचं नव्हतं. त्यांचं कारण कोणत्याही फॅक्टरीच्या नियमाइतकंच खरं आहे, हे मी मान्य करतो. फक्त ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी ते निवडलं होतं. शासनाला ते त्यांच्याकडून उसनं घेऊन दुसऱ्यावर लादता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मॅडम : केरळानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगून टाकलं की शिक्षिकांना साडीची सक्ती करता येणार नाही. तिकडे काही संस्था करत होत्या सक्ती.

गुरुजी : केरळचं राहू दे. इथे नागपूरला संघानं २०१६ साली खाकी हाफ पँट सोडून फुल पँट घेतली. त्यांना नव्वद वर्षं लागली. म्हणजे बदलते सगळंच. घाई करू नये, एवढंच म्हणतो.

मॅडम : तुमच्या तोंडी संघाचा दाखला! हे लिहून ठेवा हो कोणीतरी.

(लिहून ठेवलं.)

गुरुजी : बरं, मग ठरवायचं कोणी? शिक्षण विभागानं नाही, मी नाही, तू एकटीनं नाही.

मॅडम : शाळा व्यवस्थापन समितीनं. शिक्षक समोर बसवायचे आणि ठरवायचं. आमच्या शाळेत काय चालते, काय नाही.

गुरुजी : समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. ते तुला डोक्यावर पदर घ्यायला लावतील.

मॅडम : कायद्यानं निम्म्या बाया असतात तिथे.

गुरुजी : असतात ना. सह्या करतात.

मॅडम : ह्या विषयावर बोलतील. रोवणीला जाताना साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट कोण घालते? त्याच घालतात. ऊन लागू नये, धानाची पाती हाताला कापू नये म्हणून. डोक्याला दुपट्टा, पायात नवऱ्याचेच जुने मोजे. बांधीत दहा बाया वाकलेल्या असतात, दहाही जणींच्या अंगावर मर्दाचा शर्ट. कोणत्या शासनानं परिपत्रक काढलं त्याचं? कोणत्या सासऱ्यानं नाव ठेवलं? त्यांना कामाचा कपडा म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही मामाजी.

गुरुजी : शर्ट इन नसतो मात्र त्यांचा.

मॅडम : पदर असते खोचलेला. तेच इन.

गुरुजी मनापासून हसले. मग म्हणाले, समितीनं काहीही ठरवलं तरी पंधरा ऑगस्टला साडी. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण ती आंधळगावच्या कोशाची, आणि तुम्ही घेऊन द्यायची. यावर गुरुजींनी पेन्शनचा विषय काढला. त्यांची जुनी, मॅडम नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या म्हणून त्यांची नवी. तो विषय निघाला की त्या घरात रात्रीपर्यंत दुसरं काही चालत नाही.